अटकला जन्मलेला विलायतेचा शिक्षणमंत्री

मराठ्यांनी अटकेपार झेंडे लावले हा धडा वर्गात आला की मुलं हमखास विचारतात, सर, हे अटक आहे तरी कुठे? मग आम्ही नकाशा उघडतो. सिंधू नदीच्या काठी, आजच्या पाकिस्तानी पंजाबात. त्याच अटकला ९ डिसेंबर १९०२ रोजी एका इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. नाव रिचर्ड ऑस्टिन बटलर. पुढे तो विलायतेतल्या हुजूर पक्षाचा, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, मोठा मंत्री झाला. अर्थखातं, गृहखातं, परराष्ट्र खातं, तिन्ही त्याने सांभाळली. पंतप्रधान मात्र कधीच झाला नाही. तिकडच्या लोकांना तो आजही आठवतो तो या तिन्ही खात्यांमुळे नव्हे, तर १९४४ च्या शिक्षण कायद्यामुळे.

आम्ही बी.एड. केलं तेव्हा १९४४ साल आम्हाला पाठ होतं, पण ते सार्जंट अहवालासाठी. दहा मार्कांचा हमखास प्रश्न! त्याच वर्षी, त्याच सरकारने आपल्या घरच्या मुलांसाठी काय केलं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हा लेख त्या राहिलेल्या प्रश्नापायी आहे.

बटलर घराणं हिंदुस्थानात मुरलेलं होतं. चुलते हारकोर्ट बटलर हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १९१० साली नव्याने निघालेल्या शिक्षण खात्याचे पहिले सभासद. अलीगढला मुस्लिम युनिव्हर्सिटी करावी म्हणून आपल्या बुजुर्गांनी चंदा गोळा केला, तेव्हा सरकारच्या वतीने वाटाघाटी करणारं खातं हेच. वडील माँटेग्यू बटलर हे १९२५ ते १९३३ मध्य प्रांताचे गव्हर्नर. राजधानी नागपूर. म्हणजे आमच्या विदर्भातल्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांचे ते लाटसाहेब!

मुलगा सहा वर्षांचा असताना तट्टावरून पडला. उजवा हात तीन ठिकाणी मोडला, आणि त्यावर झालेल्या इलाजाने तो आणखी बिघडला. तो हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही. फौजेत जाण्याचा सवालच उरला नाही. ज्या पिढीच्या इंग्रज पुढाऱ्यांची इज्जत पहिल्या महायुद्धातल्या मेडलांवर मोजली जायची, त्या पिढीच्या मागोमाग हा अधू हाताचा, किताबी मुलगा राजकारणात शिरला. त्याच्याच पक्षातले काही लोक त्याला मनातून कधी आपला मानत नव्हते, त्यात याचाही हिस्सा असावा असं आम्हाला वाटतं.

शिक्षण मार्लबरो शाळेत आणि मग केंब्रिजला. तिथे तो पहिल्या वर्गात दोनदा पास झाला, युनियनचा अध्यक्ष झाला, काही वर्षं शिकवलंही. १९२६ साली सिडनी कोर्टोल्ड हिच्याशी लग्न झालं. कापडाच्या धंद्यातलं बडं घराणं. सासऱ्याने जावयाला सालाना पाच हजार पौंड बांधून दिले. तेव्हाचे पाच हजार पौंड म्हणजे पोटापाण्याची फिकीर आयुष्यभरासाठी मिटली. १९२९ ला सॅफ्रन वॉल्डन इथून तो पार्लमेंटवर निवडून आला आणि पुढे १९६५ पर्यंत ती जागा त्याने सोडली नाही. गावाचं नाव केशरावरून पडलेलं, एके काळी तिथे केशर पिकायचं.

पहिलं महत्त्वाचं काम मिळालं ते आपल्याच देशाचं. १९३२ च्या सुरुवातीला मताधिकार ठरवण्यासाठी लॉर्ड लोथियन यांची कमिटी हिंदुस्थानात आली, तिच्यात बटलर होते. त्याच वर्षी ते भारतमंत्र्यांचे उपमंत्री झाले. वय तीसही नव्हतं. भारतमंत्री सॅम्युअल होअर यांच्यासोबत त्यांनी १९३५ चा भारत सरकार कायदा पार्लमेंटमध्ये कलमागून कलम पुढे नेला. समोर विरोधाला कोण? त्यांच्याच पक्षाचे विन्स्टन चर्चिल! हिंदुस्थानला एवढं देणं म्हणजे साम्राज्य विकणं, असा चर्चिल यांचा पवित्रा होता. आणि इकडे हिंदुस्थानात काँग्रेस काय, लीग काय, कोणालाच तो कायदा पुरेसा वाटत नव्हता. याच कायद्याने १९३७ च्या प्रांतिक निवडणुका झाल्या, मुस्लिमांचे वेगळे मतदारसंघ कायम राहिले, सिंध मुंबई इलाख्यातून तुटून वेगळा प्रांत झाला. मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मिळे, म्हणजे बहुतेक गरीब बाहेरच. पुढे आपल्या राज्यघटनेतही त्या कायद्याची बरीच यंत्रणा आली. बटलर यांचं त्यातलं काम शांतपणे ऐकून घेण्याचं, आकडे तोंडपाठ ठेवण्याचं आणि समोरच्याला थकवण्याचं. हे हुनर पुढे कामी आलं.

त्याआधी एक डाग. १९३८ ते १९४१ ते परराष्ट्र खात्यात उपमंत्री होते आणि हिटलरशी समझोता करण्याच्या धोरणाचे पक्के समर्थक होते. म्युनिकच्या कराराची त्यांनी पार्लमेंटमध्ये पाठराखण केली. नुसती वरिष्ठांची आज्ञा म्हणून नव्हे, त्यांना ते मनापासून पटत होतं. हा डाग त्यांना जन्मभर पुसता आला नाही, आणि आम्हीही इथे पुसणार नाही.

१९४१ च्या जुलैमध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना तिथून उचलून शिक्षण खात्यावर बसवलं. लोकांच्या नजरेत ही बढती नव्हतीच. लढाई चालू असताना शिक्षण खातं कोणाला हवं? बटलर यांनी मात्र ते मनापासून घेतलं.

तेव्हा तिकडची हालत कशी होती ते जरा सांगायला हवं, कारण विलायत म्हटलं की आपल्याला वाटतं तिथे सगळं आधीपासूनच आबादीआबाद. बहुतेक गरिबांची मुलं एकाच प्राथमिक शाळेत चौदाव्या वर्षापर्यंत बसत आणि मग थेट कारखान्यात नाहीतर खाणीत. पुढची माध्यमिक शाळा फी भरणाऱ्यांची. स्कॉलरशिपवर थोडी गरीब मुलं पोचत, पण त्यांतलीही काही जागा सोडत, कारण युनिफॉर्मचा खर्च झेपत नसे आणि घरात कमावणारा हात हवा असे. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १९३९ मध्ये शहरातली लाखो मुलं खेड्यांतल्या घरांत पाठवली, तेव्हा खात्यापित्या लोकांनी पहिल्यांदा त्या मुलांचे फाटके जोडे आणि डोक्यातल्या उवा पाहिल्या. म्हणजे बघा, गरिबी शेजारच्या गल्लीत होती, पण दिसली ती आपल्या दिवाणखान्यात आली तेव्हा.

बटलर यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की शिक्षणाचा मोठा कायदा करायचा आहे. उत्तर आलं ते साफ नकाराचं. लढाईच्या काळात पक्षापक्षांत आणि चर्च-चर्चमध्ये भांडणं नकोत, शाळांनी आहे ते नीट चालवावं, बस्स. आता दुसरा कोणी असता तर राजीनामा दिला असता किंवा गप्प फायली चाळत बसला असता. बटलर यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी ते पत्र जणू वाचलंच नाही असं ठरवून लोकांना भेटायला सुरुवात केली. दोन वर्षं ते भेटतच राहिले.

भांडणाची भीती खोटी नव्हती. इंग्लंडातल्या निम्म्याच्या आसपास शाळा चर्चच्या होत्या. १९०२ साली, योगायोग असा की बटलर जन्मले त्याच डिसेंबर महिन्यात, या शाळांना स्थानिक करातून पैसा देणारा कायदा झाला होता. त्यावर इतर ख्रिस्ती पंथांचे लोक इतके भडकले की अनेकांनी कर भरायचं नाकारलं, काही तुरुंगात गेले. दुसऱ्याच्या मजहबच्या शाळेला आमचा पैसा का? हा वाद चाळीस वर्षं धुमसत होता. तिकडे चर्चच्या शाळांच्या इमारती मोडकळीला आलेल्या, दुरुस्तीला पैसा नाही. आणि गाव लहान, शाळा एकच, तीही एका पंथाची. मग बाकीच्यांच्या मुलांनी काय करायचं?

बटलर यांनी काढलेला तोडगा आपल्या संस्थाचालकांना चटकन समजेल. चर्चच्या शाळांसमोर दोन रस्ते ठेवले. पहिला असा की शाळा तुमच्या नावाने राहील पण खर्च सगळा सरकारचा, त्यामुळे बहुतेक शिक्षक नेमण्याचा हक्क सरकारी मंडळाचा, आणि धर्मशिक्षण सर्व पंथांनी मिळून ठरवलेल्या अभ्यासक्रमाचं. दुसरा असा की शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकार देईल, शिक्षक तुम्ही नेमा, दीनचं शिक्षण तुमच्या पद्धतीने द्या, पण इमारत सुधारण्याचा निम्मा खर्च तुम्ही उचला. दोन्हीकडे आईबापांना मुभा, की आपल्या मुलाला धर्माच्या तासातून बाहेर काढायचं तर काढा, कोणी जबरदस्ती करणार नाही. रोज एक सामूहिक प्रार्थना कायद्याने आली, पण ती अमुक धर्माचीच असं कायद्यात लिहिलं नाही.

इंग्लंडच्या मोठ्या चर्चचे प्रमुख विल्यम टेंपल यांच्यासमोर बटलर यांनी त्यांच्याच शाळांच्या हालतीचे आकडे ठेवले. टेंपल स्वतः शिक्षणातले जाणकार. त्यांना ते पटलं, आणि त्या चर्चच्या हजारो शाळांनी पुढे पहिला रस्ता धरला. कॅथलिक मात्र हटले नाहीत. ते बहुतेक आयर्लंडहून आलेले, मजूर, गरीब, आणि आपल्या मुलांचं ईमान आपल्याच शाळेत टिकेल यावर ठाम. त्यांचं म्हणणं असं की कर आम्हीही भरतो, मग निम्मा खर्च आमच्या डोक्यावर का? बटलर त्यांच्या बिशपांना भेटायला दूरदूर गेले, पण समाधान करू शकले नाहीत. कॅथलिकांनी नाराजीने दुसरा रस्ता घेतला, पै पै जमवून शाळा उभ्या केल्या, आणि पुढच्या वर्षांत सरकारचा वाटा निम्म्यावरून वाढत वाढत गेला. अल्पसंख्याक म्हणून शाळा चालवणं काय असतं हे आपल्याला सांगायला नको. जुम्म्याला झोळी फिरवून वर्गखोल्या बांधलेल्या शाळा आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

विधेयक पार्लमेंटात आलं आणि १९४४ च्या मार्चमध्ये एक विचित्र प्रसंग घडला. त्यांच्याच पक्षाच्या थेल्मा कॅझलेट-कीर या बाईंनी दुरुस्ती मांडली की शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार द्या. सरकारचा विरोध होता. मतं मोजली तर ११७ विरुद्ध ११६, एका मताने सरकार हरलं! चर्चिल यांनी हा विश्वासाचा ठराव केला आणि दोन दिवसांत लढाईच्या नावाखाली सभागृहाला तो निर्णय फिरवायला लावला. बटलर यांनीही विरोधातच मत दिलं. शिक्षिकांच्या मेहनतीवर शाळा चालतात हे ज्या माणसाला रोज दिसत होतं, त्याने हे करावं, हे आमच्या स्टाफरूममधल्या आपांना सांगितलं तर त्या बटलरसाहेबांना माफ करणार नाहीत. एक मात्र झालं. लग्न केलं म्हणून शिक्षिकेची नोकरी जायची, ती अट या कायद्याने गेली. आणि १९५५ साली, अर्थमंत्री बटलरच असताना, समान पगाराचं गाडं हललं. शिक्षिकांना तो टप्प्याटप्प्याने १९६१ पर्यंत पूर्ण मिळाला. एका मताने जिंकलेला हक्क हाती यायला सतरा वर्षं लागली.

३ ऑगस्ट १९४४ रोजी कायद्यावर राजाची मोहोर उमटली. सरकारी मदतीच्या माध्यमिक शाळांतली फी बंद. प्रत्येक मुलाला माध्यमिक शिक्षण. शाळा सोडण्याचं वय पंधरा, जे १९४७ पासून अमलात आलं. शाळेत जेवण, दूध, डॉक्टरी तपासणी ही स्थानिक मंडळांची जबाबदारी. या कामात बटलर यांचा जोडीदार होता मजूर पक्षाचा चुटर ईड, जो आधी स्वतः शाळामास्तर होता. कायद्याला नाव पडलं बटलरचं, पण वर्गातली अक्कल बरीचशी या मास्तरची असणार असा आमचा आपला कयास. मास्तर मास्तरची बाजू घेणारच.

कायद्यात खोटही होती. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी सुरू झाली. वरची मुलं ग्रामर स्कूलला, काही तांत्रिक शाळेत, आणि बाकीची, म्हणजे बहुतेक सगळी, साध्या माध्यमिक शाळेत. कायद्यात ही वाटणी लिहिलेली नव्हती, पण खात्याच्या मनात होती आणि जवळपास सगळीकडे तीच झाली. अकरा वर्षांच्या पोराला नापासाचा शिक्का! आपल्याकडे स्कॉलरशिप परीक्षेत नाव आलं नाही तर पोर एक दिवस रडतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसतं. तिथे त्याची शाळाच बदलायची, आणि बहुधा जिंदगीही. शिवाय श्रीमंतांच्या ईटन-हॅरो छापाच्या खासगी शाळांना बटलर यांनी हातही लावला नाही. हुजूर पक्षाचे होते ते शेवटी.

आता सार्जंट अहवाल. हिंदुस्थान सरकारचे शिक्षण सल्लागार जॉन सार्जंट यांची योजना १९४४ ची. सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि त्यासाठी मुदत चाळीस वर्षं. म्हणजे १९८४! तिकडे ज्या वर्षी कारखान्यातल्या मजुराच्या मुलाची माध्यमिकची फी माफ झाली, त्याच वर्षी इकडच्या विणकराच्या, बिडी वळणाऱ्याच्या मुलाला चाळीस वर्षं थांबायला सांगितलं गेलं. यात बटलर यांचा थेट हात नव्हता, हिंदुस्थान आता त्यांच्या खात्यात नव्हता. पण पाच वर्षं हिंदुस्थानचं कामकाज पाहिलेल्या, अटकला जन्मलेल्या माणसाला हा फरक कधी खटकला असेल का, हे आमच्या मनात येऊन जातं. तसे आपणही काही फार वेगाने धावलो नाही. आपला शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून.

युद्धानंतरची त्यांची कारकीर्द मोठी आहे, पण आम्हाला ती पाठोपाठच्या हुकलेल्या गाड्यांसारखी वाटते. १९४५ ला हुजूर पक्ष सपाटून हरला, तेव्हा पक्षाला मजूर सरकारच्या लोकोपयोगी योजना मान्य करायला लावण्यात बटलर पुढे होते. १९५१ ते १९५५ अर्थमंत्री. याच काळात युद्धापासूनचं रेशनिंग संपलं. १९५३ च्या उन्हाळ्यात चर्चिल यांना पक्षाघात झाला, त्यांचे वारस अँथनी ईडन ऑपरेशनसाठी अमेरिकेत, आणि सरकारचा गाडा बटलर यांनी हाकला. हात पुढे केला असता तर गादी मिळाली असती असं अनेकांचं मत आहे. केला नाही.

१९५६ ला सुएझ. गमाल अब्दुल नासर यांनी कालवा ताब्यात घेतला आणि पंतप्रधान ईडन यांनी फ्रान्स आणि इस्राएलशी संगनमत करून इजिप्तवर फौज पाठवली. बटलर यांना हे पटलेलं नव्हतं. पण त्यांनी उघड विरोध केला नाही, राजीनामा दिला नाही, फक्त आपली शंका इकडे-तिकडे बोलून दाखवली. मग ईडन आजारी पडून जमैकाला गेले, आणि फौजा मागे घेण्याचं नामुष्कीचं काम बटलर यांच्या गळ्यात पडलं. ते त्यांनी नीट निभावलं. युद्धाच्या बाजूचे लोक त्यांच्यावर चिडले ते चिडलेच, विरोधातल्यांनाही ते आपले वाटले नाहीत. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधानपद हॅरॉल्ड मॅकमिलन यांना गेलं. जो संयम शिक्षणाच्या कायद्यात रंगला होता, तोच इथे भित्रेपणा ठरला. आम्हाला विचाराल तर या वेळी तो भित्रेपणाच होता.

मग पाच वर्षं गृहमंत्री. तुरुंगसुधारणेत त्यांना खरा रस होता. पण आपल्याशी संबंध आहे तो १९६२ च्या कायद्याचा. तोवर राष्ट्रकुलातला कोणीही माणूस विलायतेत जाऊन राहू शकत होता. या कायद्याने परवान्याची अट आली. कायद्याच्या शब्दांत रंगाचा उल्लेख कुठे नव्हता, मात्र मंत्रिमंडळासाठीच्या आपल्या टिपणात बटलर यांनी स्वच्छ कबूल केलं होतं की याचा मार जवळजवळ फक्त काळ्या-सावळ्या लोकांनाच बसणार आहे, आणि हेतूही तोच आहे. परिणाम उलटाच झाला. दरवाजा बंद होणार म्हणताच गिरण्यांत चार वर्षं काम करून परतू म्हणणाऱ्या लोकांनी घाईघाईने भाऊ, मुलगे, मग बायका-पोरंही बोलावून घेतली आणि कायमची तिथलीच झाली. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत आज कोणाचा ना कोणाचा चुलता, मामू विलायतेत आहे, त्यांच्या घरच्या गप्पांत हे व्हाउचरचे दिवस निघतात.

१९६३ च्या ऑक्टोबरात मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले. आता तरी बटलर, असं सगळे धरून चालले होते. मॅकमिलन यांना ते होऊ द्यायचं नव्हतं, आणि नाव निघालं ते लॉर्ड होम यांचं. काही मंत्री बटलर यांच्याकडे रात्री धावले, तुम्ही फक्त नाही म्हणा, होम यांना सरकार बनवताच येणार नाही. बटलर नाही म्हणाले नाहीत. पक्ष फुटू नये म्हणून त्यांनी होम यांच्या हाताखाली परराष्ट्र खातं घेतलं. वर्षभरात निवडणूक झाली आणि पक्ष हरला.

१९६५ ला राजकारण सोडून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर झाले. याच कॉलेजात १९०५ साली अल्लामा इक्बाल शिकायला आले होते, त्यांच्या पाठोपाठ जवाहरलाल नेहरू. बटलर तिथे १९७८ पर्यंत राहिले. युवराज चार्ल्स त्यांच्याच काळात तिथे शिकले. ८ मार्च १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतरच्या वर्षी लंडनच्या ब्रेंट भागात युसूफ इस्लाम यांनी इस्लामिया नावाची लहानशी शाळा काढली. बटलर यांच्या १९४४ च्या तोडग्यातून चर्चच्या आणि यहुदी शाळांना जे मिळत होतं, तेच आम्हाला द्या, आमच्या आईबापांचाही कर सरकार घेतंच की, असा अर्ज शाळेने केला. बटलर यांच्याच पक्षाच्या मंत्र्यांनी तो पुन्हा पुन्हा फेटाळला. शाळा फी आणि देणग्यांवर रेटत राहिली. जानेवारी १९९८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती आणि बर्मिंगहॅमची अल फुरकान, अशा दोन मुस्लिम शाळा पहिल्यांदा सरकारी अनुदानावर घेतल्या. पगार सरकारी तिजोरीतून सुरू झाला आणि मुलांची फी बंद झाली.